अमेरिका, युरोप, अंधेरी : परतीच्या प्रवासाचा आराखडा

विमानप्रवासाची आखणी म्हणजे तिकीट काढणे, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः ते भूगोल, कालगणना आणि कायदा यांचे एकत्रित प्रात्यक्षिक होय.

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथून मुलांकडे अमेरिकेस जाणारे आईवडील पुष्कळ. परतताना वाटेत युरोप पाहावा, ही त्यांची इच्छा स्वाभाविक आहे. एअर इंडियाचे पहिले विमान ८ जून १९४८ रोजी मुंबईहून लंडनला निघाले ते कैरो व जिनिव्हामार्गे. १९६० मध्ये सुरू झालेली न्यूयॉर्कची सेवाही लंडनवरूनच होती.

समजा, लंडन, पॅरिस व रोम पाहावयाचे आहे. प्रथम क्रम ठरवावा. १९८५ च्या शेंगेन करारातील देशांस एकच व्हिसा चालतो. फ्रान्स व इटली त्यात आहेत, ब्रिटन नाही. पॅरिसनंतर लंडन व मग रोम असे गेल्यास शेंगेन क्षेत्र सोडून पुन्हा आत शिरावे लागते. एका प्रवेशाचाच व्हिसा असल्यास रोम हुकले! लंडन आरंभी ठेवल्यास हा प्रश्न उरत नाही. ब्रिटनचा व्हिसा मात्र वेगळा घ्यावा लागतो.

दुसरी बाब मुदतीची. शेंगेनचा अर्ज सामान्यतः राहत्या देशातून करावयाचा असतो; तोही प्रवासापूर्वी सहा महिन्यांच्या आत. एप्रिलमध्ये मुंबई सोडून जुलैत युरोपात उतरणाऱ्यांस जानेवारी ते मार्च एवढाच अवकाश मिळतो. अमेरिकेत गेल्यावर पाहू, असे म्हणून चालत नाही.

तिसरी बाब घड्याळाची. उन्हाळ्यात लंडन न्यूयॉर्कच्या पाच तास पुढे असते. सायंकाळी सातला निघालेले विमान सात तासांनी लंडनला उतरते, तेव्हा तेथे सकाळचे सात वाजलेले असतात. झोप अपुरी झालेली असते. वडीलधाऱ्यांसाठी तो दिवस विश्रांतीचाच धरावा.

शेवटी तिकीट. न्यूयॉर्क ते लंडन व रोम ते मुंबई असे एकच तिकीट घेता येते. मधला प्रवास आपला आपण करावा. लंडन ते पॅरिस आगगाडी समुद्राखालच्या बोगद्यातून सुमारे अडीच तासांत नेते. परंतु तिकिटात विमानाचा एखादा टप्पा असून तो न कळवता सोडला, तर पुढील टप्पे बहुधा रद्द होतात. परक्या शहरात, हाती सामान घेऊन, हे कळणे फार महागात पडते.

तात्पर्य, आधी क्रम, मग व्हिसा आणि पैसे भरून पक्के तिकीट सर्वांत शेवटी.