आजारी बालकाचा हक्क

इयादत, म्हणजे आजाऱ्याची भेट व विचारपूस, हा एका मुसलमानाचा दुसऱ्यावरील हक्क आहे. घरातील वडीलधारे रुग्णालयात दाखल झाले की आप्तेष्टांची रीघ लागते. परंतु खाटेवर बालक असेल, तर आपण त्याच्या आईवडिलांची विचारपूस करून परततो.

सहीह बुखारीतील हदीसनुसार, आदरणीय पैगंबर (स.) यांची सेवा करणारा एक यहुदी मुलगा आजारी पडला. पैगंबर (स.) त्याच्या भेटीस गेले, उशाशी बसले आणि त्याला इस्लामचे निमंत्रण दिले. वडील जवळच होते, तरी पैगंबर (स.) बोलले ते त्या मुलाशी.

बालकाच्या या हक्काची उपेक्षा झाली की काय घडते, याचा धडा इंग्लंडच्या इतिहासात आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तेथील अनेक रुग्णालये पालकांना मुलांजवळ फार थोडा वेळ बसू देत. आईवडील निघाले की मूल रडते, म्हणून भेट टाळलेलीच बरी, असा समज होता. १९५२ साली जेम्स रॉबर्टसन यांनी रुग्णालयातील एका दोन वर्षांच्या मुलीवर चित्रपट तयार केला. शांत झालेले मूल रुळलेलेच असते असे नाही. ते निराशही झालेले असू शकते, हे त्यांनी दाखवून दिले. १९५९ मध्ये प्लॅट समितीने भेटीवरील निर्बंध उठविण्याची शिफारस केली. तथापि, वर्षानुवर्षे रुग्णालयातच वाढणाऱ्या अपंग मुलांचे एकाकीपण संपले नाही. मॉरीन ऑस्विन यांनी १९७१ साली या मुलांच्या शनिवार-रविवारवर पुस्तक लिहिले. त्याच्या शीर्षकाचा अर्थच ‘रिकामे तास’ असा आहे.

आपणही गप्प पडलेल्या मुलाला ‘किती सब्र आहे याला!’ म्हणतो. सब्र ही जाणत्या मनाची अल्लाहवरील श्रद्धा होय. कोणी येणारच नाही अशी खात्री पटलेल्या बालकाचे मौन म्हणजे सब्र नव्हे.

मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाचे उपचार अनेकदा दोन-तीन वर्षे चालतात. त्यासाठी दूरच्या गावांहून मुंबईत आलेली कुटुंबे पहिल्या महिन्यानंतर एकटी पडतात. अशा वेळी एकदाच फळे देऊन इयादत पुरी होत नाही. वार ठरवावा आणि तो पाळावा. बालकाला दिलेले वचन हेही वचनच आहे. संसर्गाच्या भीतीने डॉक्टरांनी मनाई केल्यास फोनवर बोलावे. आईला तासभर झोप व निवांत नमाज मिळेल असे पाहावे. घरी राहिलेल्या भावंडांना जेवू घालावे. बालकाशी आजाराविषयी नव्हे, त्याच्या आवडीविषयी बोलावे, पैगंबर (स.) यांनी छोट्या अबू उमैरला त्याच्या चिमुकल्या पक्ष्याविषयी विचारले होते.

कयामतच्या दिवशी अल्लाह दासाला विचारील, की मी आजारी असताना तू भेटीस का आला नाहीस? त्या आजाऱ्यापाशी गेला असतास तर मी तुला तेथेच भेटलो असतो, असा या हदीसचा आशय आहे. आजाऱ्याच्या वयाची अट त्यात नाही.