वेब एपीआय व ब्राउझरची सुरक्षा : विद्यार्थ्यांसाठी प्राथमिक पाठ



१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. आज आपल्या परळ-लालबागच्या चाळींतील मुले-मुलीही संकेतस्थळे बनविण्याचे शिक्षण घेत आहेत. त्यांच्यासाठी तीन गोष्टी आम्ही येथे मांडत आहोत.

पहिली गोष्ट एपीआयची. रेल्वेच्या तिकीट खिडकीवर आपण ठिकाण सांगतो, पैसे देतो व तिकीट घेतो. आतले यंत्र कसे चालते हे ठाऊक असावे लागत नाही. एपीआय ही अशीच खिडकी होय. माहिती मागण्यासाठी 'गेट' व नवी माहिती देण्यासाठी 'पोस्ट' विनंती करतात. उत्तरासोबत आकडा येतो : २०० म्हणजे काम झाले, ४०१ म्हणजे आधी ओळख पटवा, ४०३ म्हणजे परवानगी नाही, ४०४ म्हणजे सापडले नाही.

दुसरी गोष्ट ब्राउझरच्या पहाऱ्याची. एका टॅबमध्ये बँक व दुसऱ्यात अनोळखी संकेतस्थळ उघडे असले, तरी त्या संकेतस्थळाला आपल्या खात्याची माहिती वाचता येत नाही. कारण ब्राउझर प्रोटोकॉल, संकेतस्थळाचे नाव व पोर्ट हे तिन्ही ताडून पाहतो. यास 'सेम ओरिजिन' नियम म्हणतात. बाहेरच्या पत्त्याला मुभा द्यायची असल्यास सर्व्हर 'कॉर्स'द्वारे तसे कळवतो.

मात्र ब्राउझर फक्त पत्ते ताडतो. पत्ता खऱ्या बँकेचाच आहे की नाही, हे तो सांगत नाही. म्हणून फोर्ट येथील रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या राखीव नावाकडे जाण्यास सांगितले होते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. हा नियम मुख्यतः उत्तर वाचण्यास अडवतो. विनंती अनेकदा सर्व्हरपर्यंत पोहोचतेच. शिवाय ब्राउझर वगळून केलेल्या विनंतीला हा पहारा लागू नसतो. समजा, शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर अर्ज क्रमांक ४१ च्या जागी कोणी ४२ घातला आणि दुसऱ्याचा जातीचा दाखला, उत्पन्न व बँक खाते दिसले, तर दोष ब्राउझरचा नव्हे, आज्ञावली लिहिणाऱ्याचा. मागणारा कोण व ही माहिती त्याची आहे काय, हे प्रत्येक विनंतीच्या वेळी सर्व्हरनेच तपासले पाहिजे.

गरिबाने विश्वासाने दिलेली कागदपत्रे सांभाळणे हे आपले कर्तव्य आहे. शिकणाऱ्याने ही तपासणी पहिल्या दिवसापासून अंगी बाणवावी, एवढीच आमची विनंती.