मत्स्यबीज व नर माशाची जोपासना

मृगाचा पाऊस पडून गोदावरी व मांजरा या नद्यांस पाणी येऊं लागलें म्हणजे नांदेड व लातूर या जिल्ह्यांतील तळीं राखणारे शेतकरी मत्स्यजिऱ्याच्या शोधांत निघतात. कोणी प्रजनक मासे पाळून घरींच बीज काढूं पाहतात. अशा वेळीं कित्येकदां मादी अंडीं भरपूर देते, परंतु बरींच अंडीं पांढरीं पडून नासतात, आणि दोष टोचलेल्या औषधास लावण्यांत येतो. आमच्या मतें तो पुष्कळदां नराच्या जोपासनेंत असतो. तो कसा, हें येथें सांगावयाचें आहे.

रोहू, कटला व मृगळ हे मासे नदीच्या पुरांत अंडीं घालतात. तळ्यांत ते वाढतात, परंतु आपण होऊन तेथें प्रजनन करीत नाहींत. ही अडचण हिरालाल चौधरी यांनीं १९५७ सालीं १० जुलै रोजीं ओडिशांत दूर केली. मेंदूच्या तळाशीं असणाऱ्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून त्यांनीं या जातींचें प्रजनन घडवून आणिलें. आजचीं तयार औषधें माशाच्या स्वतःच्याच ग्रंथीस जागें करितात, इतकाच फरक.

आतां नराच्या शरीरांत काय घडतें तें पाहूं. तेथें दोन निरनिराळीं कामें चालतात. पहिलें शुक्रजंतु घडविण्याचें. पीयूषिका ग्रंथीचा स्राव, ज्यास संप्रेरक म्हणतात, रक्तांतून वृषणांत पोंचतो व तेथें टेस्टोस्टेरोन हें द्रव्य तयार होतें. मोड आलेल्या ज्वारींत पिठाची साखर करणारें जें द्रव्य असतें त्यास विकर म्हणतात. तशींच विकरें वृषणांतहि असून तीं टेस्टोस्टेरोनाचें अकरा-कीटोटेस्टोस्टेरोन बनवितात. याच्या प्रेरणेनें मूळ पेशी वाढतात, विभागतात, आणि रोहूच्या पेशींतील ५० गुणसूत्रांऐवजीं प्रत्येक शुक्रजंतूंत २५ उरतात. या कामास पुष्कळ आठवडे लागतात.

दुसरें काम हंगामाचें. ग्रंथीचें दुसरें संप्रेरक वाढतें, वृषणांतील विकरांचा रोख बदलतो व निराळेंच द्रव्य बनूं लागतें. १९८५ सालीं जपानांतील नागाहामा व आदाची यांनीं साल्मन जातीच्या मादींत अंडें पिकविणारें म्हणून तें ओळखिलें. अनेक माशांच्या नरांत त्याच द्रव्यानें वीर्य पातळ व विपुल होतें.

सुईनें घडतें तें हें दुसरें काम, पहिलें नव्हे. कोवळें कणीस मळून रास पडत नाहीं, तसेंच हें आहे.

आमच्या भागाची खरी अडचण येथेंच आहे. पहिलें काम माघापासून वैशाखापर्यंत चालतें, आणि नेमक्या त्याच महिन्यांत तळीं आटतात. २०१६ च्या एप्रिलांत तर लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. आटलेल्या पाण्यांत दाटीनें व उपाशी राहिलेल्या नराचें वीर्य आषाढांत कोठून यावें?

यास्तव शेतकरी बंधूंनीं पुढील गोष्टी कराव्या. एखाद्या तरी तळ्यांत उन्हाळाभर पुरुषभर पाणी टिकवावें. तें शक्य नसल्यास प्रजनक मासे ठेवूंच नयेत, बीज विकत घ्यावें. हेक्टरी दीड ते दोन हजार किलोंहून अधिक प्रजनक ठेवूं नयेत. भुईमुगाची पेंड व भाताचा कोंडा समभाग घेऊन रोज द्यावा. हंगामापूर्वीं नर व मादी वेगळे करावे. पक्व नराचा छातीचा पर हातास खरखरीत लागतो, व पोट हळूच दाबतां दुधासारखें वीर्य येतें. असेच नर निवडावे, व एका मादीस दोन या प्रमाणांत सोडावे.

शुक्रजंतु गोड्या पाण्याचा स्पर्श होतांच हालूं लागतात, व सुमारें एका मिनिटांतच थकतात. म्हणून गवत्या माशाचें वीर्य हातानें काढतांना भांडें कोरडें असावें. अंड्यांत वीर्य मिसळल्यावरच पाणी घालावें.

अधिक माहितीसाठीं उदगीर येथील मत्स्यविज्ञान महाविद्यालयांत विचारणा करावी. सारांश, आषाढांतील सुईचें यश माघांतील पेंडीवर व पाण्यावर अवलंबून आहे, हें विसरूं नये.