वृद्धाश्रमात पाठीला जखमा : तक्रार कशी तपासावी?

अतिसाराने घाणीत पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतः धुतले. वृद्धाश्रमातल्या आपल्या माणसाच्या माकडहाडावर, खुब्यावर, टाचेवर जखम दिसली तर ‘म्हातारपणच’ म्हणून सोडू नका. सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही. गरम, कडक, दुखरी जागा ही पहिली खूण. जखम काळी पडली, वास आला, ताप चढला तर आधी दवाखाना.

प्रत्येक जखम हलगर्जीपणाचीच नसते, म्हणून नोंदवही मागा. दाखल करताना जखम होती का? साधारण दर २ तासांनी कूस बदलली का? ओले कपडे केव्हा बदलले, डॉक्टर केव्हा आले? सगळ्या वेळा एकाच बैठकीत भरल्यासारख्या दिसल्या तर जाब विचारा. त्यांना विचारून तारखेसह फोटो काढा, लेखी तक्रारीची पोच घ्या. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही मोफत सरकारी हेल्पलाइन आहे.