बसमध्ये झोपेची गोळी?

प्रश्न : पाठीवर सॅक टाकून एकटीच पेरूला निघालेय. लिमा ते कुस्को बसला वीस तासांहून जास्त लागतात म्हणे. झोपेची गोळी घेऊन ताणून द्यावी का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, गोळी नकोच. ही बस समुद्रकाठावरून निघून ४,००० मीटरहून उंच घाट चढते. तिथे गोळीने श्वास मंदावू शकतो. अंग आंबतं ते नुसत्या जागरणाने नव्हे, विरळ हवेनेही. जमलं तर वाटेत आरेकिपाला (सुमारे २,३०० मीटर) दोन रात्री काढा, मग पुढची बस धरा. दुमजली बसमध्ये खालची सीट घ्या, वळणं कमी जाणवतात. जेवण हलकं, पाणी घोटघोट. पासपोर्ट अंगावरच, वरच्या फळीवर अजिबात नको. दमा किंवा हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. बाकी बिनधास्त जा!