नम्रता आणि न्यूनगंड

आपल्या घरांत मुलांना जे सद्गुण शिकविले जातात, त्यांत नम्रतेला फार वरचे स्थान आहे आणि ते योग्यच होय. आपण आदम (अ.) यांच्यापेक्षा श्रेष्ठ आहोत, या एका समजुतीपायी इब्लीस धुत्कारला गेला (सूरह आराफ, आयती १२-१३). परंतु या शिकवणुकीच्या आडोशाने एक निराळीच व्याधी वाढत राहते आणि ती कोणाच्या लक्षात येत नाही. उत्तर ठाऊक असूनही वर्गात हात वर न करणारा मुलगा, पाहुणे आले की आतल्या खोलीत जाऊन बसणारी मुलगी, मशिदीत इकामत देण्याची वेळ आली की मागच्या रांगेत सरकणारा तरुण, यांना आपण ‘गुणी’, ‘शांत’, ‘मर्यादशील’ म्हणतो. कधी ते खरेही असते. पुष्कळदा मात्र ती शांतता नसून भीती असते.

दोहोंतील भेद ओळखण्याची एक खूण आहे. नम्र माणसाला आपले गुण दिसत असतात. ते अल्लाहने दिले आहेत, एवढेच तो विसरत नाही. न्यूनगंडाने ग्रासलेला माणूस ती देणगीच नाकारतो. नम्र माणसाचे लक्ष समोरच्याकडे असते, तर न्यूनगंडाने पीडित माणूस रात्रंदिवस स्वतःलाच न्याहाळत असतो: मी कसा दिसलो, मी काय बोललो, ते का हसले? पहिला मोकळा असतो, दुसरा कैदेत.

जुन्नर तालुक्याच्या पूर्व पट्ट्यातील निमगाव सावा या गावी आता महाविद्यालय आहे. पूर्वी शिक्षणासाठी ज्या मुलींना गाव सोडावे लागले असते आणि म्हणून ज्यांचे शिक्षण दहावीलाच थांबले असते, त्या आज पदवीच्या वर्गात बसू शकतात. महाविद्यालय जवळ आले. परंतु वर्गात तोंड उघडण्याचे धैर्य त्याबरोबर आपोआप येत नाही. अशा गावांतून वाढणाऱ्या आपल्या मुलांवर एक जादा ओझे असते आणि ते भाषेचे आहे. घरात दखनी, शाळेत मराठी, दीनी शिक्षण उर्दूतून, आणि पुढे नोकरीच्या मुलाखतीत इंग्रजी. वर्गात त्यांच्या मराठीच्या हेलाला हसतात आणि मुंबईचे नातेवाईक त्यांच्या उर्दूला. चार भाषांत वावरणाऱ्या मुलाला आपल्याला एकही भाषा धड येत नाही असे वाटू लागते, ही मोठी विचित्र गोष्ट आहे. वास्तविक मराठी ही आपली भाषा आहे. शेख महंमदांसारख्या सूफी संतांनी श्रीगोंद्यात बसून याच भाषेत ग्रंथरचना केली आणि १९९० साली सोलापुरात मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. हे मुलांना कोणी तरी सांगितले पाहिजे.

आता कुरआनकडे वळू. बोलण्याची भीती हा विषय तेथे एका साध्या माणसाच्या नव्हे, तर एका महान प्रेषिताच्या चरित्रात आला आहे. हजरत मूसा (अ.) यांना फिरऔनच्या दरबारी जाण्याची आज्ञा झाली. जबाबदारी प्रचंड होती आणि मागे एक घटना होती: त्यांच्या हातून एक माणूस मेला होता आणि ते देश सोडून गेले होते. त्यातच जिभेत अडखळणे होते. त्यांनी यांतील काहीही लपविले नाही. आपल्याला मारले जाण्याची भीती वाटते, हे त्यांनी आपल्या पालनकर्त्यासमोर स्पष्ट शब्दांत मांडले (सूरह कसस, आयत ३३). भीती व्यक्त केली म्हणून त्यांचा ईमान दुबळा ठरला नाही. जो पिता मुलाच्या भीतीवर ‘मुसलमान होऊन घाबरतोस?’ असे म्हणतो, त्याने ही आयत पुन्हा वाचावी.

त्यांनी जी प्रार्थना केली (सूरह ताहा, आयती २५ ते ३५), ती आपल्यापैकी बहुतेकांना पाठ असते. परीक्षेला निघालेल्या मुलांकडून आपण ती म्हणवून घेतो. तिचा क्रम मात्र क्वचितच कोणी समजावून देतो. सर्वप्रथम त्यांनी मागितले ते अंतःकरणाचे मोकळेपण. छाती आवळलेली असेल तर उत्तम वक्ताही अडखळतो, म्हणून आरंभ आतून. त्यानंतर काम सुलभ होण्याची याचना. मग जिभेची गाठ सुटण्याची. आणि तीही कशासाठी? लोकांनी वाहवा करावी म्हणून नव्हे, तर त्यांना आपले म्हणणे समजावे म्हणून. येथे थोडे थांबावे. बोलताना थरथरणाऱ्या मुलाचे सारे चित्त ‘मी कसा दिसतो’ यावर खिळलेले असते, मूसा (अ.) यांची प्रार्थना ते तेथून उचलून ‘त्यांना कळते आहे ना’ याकडे नेते. आजचे समुपदेशकही सभाभीती असलेल्या माणसाला हेच शिकवितात: लक्ष स्वतःवरून काढून कामावर ठेवा. शेवटी मूसा (अ.) यांनी सोबती मागितला. आपले बंधू हारून (अ.) आपल्यापेक्षा अधिक वाक्पटू आहेत, हे त्यांनी निःसंकोचपणे मान्य केले. भावाशी तुलना झाली. परंतु तिच्यातून मत्सर वा खिन्नता निघाली नाही, मदतीची मागणी निघाली. आणि ती मान्य झाली.

यानंतरही फिरऔनने टोमणा मारलाच. ज्याला नीट बोलताही येत नाही त्या माणसाहून आपण श्रेष्ठ नाही काय, असे त्याने भर सभेत विचारले (सूरह जुख्रुफ, आयत ५२). म्हणजे टोमणे थांबले नाहीत. टोमणे ऐकत असताना काम चालू राहिले.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या सहवासात जाहिर नावाचे एक खेडूत होते. ते वाळवंटातून प्रेषितांसाठी भेटी आणीत आणि मदीनेच्या बाजारात आपला माल विकीत. दिसावयास ते सुंदर नव्हते. एकदा ते बाजारात उभे असता प्रेषितांनी मागून येऊन त्यांना कवेत घेतले आणि या दासाला कोण विकत घेतो, असे विनोदाने विचारले. जाहिर (रजि.) म्हणाले की, मला विकावयास काढलेत तर फारशी किंमत येणार नाही. त्यावर प्रेषितांनी सांगितले की, अल्लाहपाशी तुझी किंमत थोडी नाही. ‘शमाइले तिर्मिजी’त हा प्रसंग आला आहे. विनोदाच्या उत्तरात जाहिर (रजि.) यांच्या मनातील सल बाहेर पडली आणि प्रेषितांनी ती हसण्यावारी नेली नाही, तेथेच, लोकांच्या देखत, दुरुस्त केली. शब्दांच्या आधी आलिंगन होते, हेही विसरता कामा नये.

बाजारात किंमत होणे हा विनोद नसून ज्याच्या आयुष्याची वस्तुस्थिती होती, असा एक माणूस याच जुन्नरच्या इतिहासात होऊन गेला. १५४८ च्या सुमारास हबशांच्या देशात, म्हणजे आजच्या इथिओपियात, जन्मलेला एक मुलगा गुलाम म्हणून विकला गेला. एकदा नव्हे, अनेकदा. बगदादच्या एका धन्याने त्याला शिकविले आणि अंबर हे नाव दिले. पुढे तो दख्खनमध्ये निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याच्या पदरी आला. हा पेशवा स्वतःही मूळचा हबशी गुलामच होता, या तपशिलाला फार महत्त्व आहे. धन्याच्या मृत्यूनंतर मुक्त झालेल्या अंबरने सुमारे दीडशे स्वारांनिशी आरंभ केला. १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतल्यावर बुडती निजामशाही त्यानेच सावरली, आणि काही काळ तिची राजधानी जुन्नर होती. खडकी हे नगर त्याने वसविले. त्याची पाण्याची नहर आणि जमीन-महसुलाची व्यवस्था आजही अभ्यासली जाते. हा मलिक अंबर. जहांगीर बादशहा आपल्या आत्मचरित्रात त्याला काळेपणावरून हिणवितो. एवढेच नव्हे, तर १६१६ च्या सुमारास त्याने चित्रकार अबुल हसनकडून एक चित्र काढून घेतले, ज्यात बादशहा अंबरच्या तोडलेल्या शिरावर बाण मारीत आहे. रणांगणात ते शिर त्याला कधीच मिळाले नाही. १६२६ मध्ये अंबर वृद्धापकाळाने मरण पावला. खुलताबादला त्याची कबर आहे. जहांगिराच्याच दरबारचा इतिहासकार मुतमदखान याने युद्धनेतृत्वात व राज्यकारभारात त्याला तोड नव्हती, अशी नोंद केली.

मुलांना हे सांगावे. परंतु ‘गुलाम वजीर झाला आणि तुला साधे उत्तर देता येत नाही?’ अशा सुरात नव्हे. थोरांची चरित्रे चाबूक म्हणून वापरण्याची आपल्याकडे फार वाईट खोड आहे. अंबरला तीन गोष्टी मिळाल्या होत्या: कोणी तरी शिकविले, आपल्यासारखाच एक माणूस मोठ्या पदावर बसलेला त्याने पाहिला, आणि हाती छोटे का होईना, खरे काम आले. मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ मध्ये आत्मविश्वासाच्या उगमांविषयी जे मांडले, त्यात स्वतः पार पाडलेले काम पहिल्या क्रमांकावर आहे आणि आपल्यासारख्याला यशस्वी होताना पाहणे त्याखालोखाल. नुसत्या स्तुतीचा परिणाम त्यांच्याहून दुबळा. प्रेषितांची पद्धत याहून निराळी नव्हती. मुक्त दासाचा पुत्र असलेल्या, विशीतही न पोहोचलेल्या अथवा नुकत्याच पोहोचलेल्या उसामा (रजि.) यांच्या हाती त्यांनी सैन्याचे नेतृत्व दिले, आणि लोक कुरकुरले तेव्हा ते त्यांच्या पाठीशी उभे राहिले.

म्हणून घरात काय करावे, याचे उत्तर मोठे नाही. मुलाला काम द्या आणि ते त्याच्याकडेच राहू द्या. कांद्याच्या पट्टीचा हिशेब त्याला करू द्या, तो चुकला तर दुसऱ्यांदा त्यालाच करू द्या. बँकेतील पावती मुलीला भरू द्या. घरातील जमाअतीत इकामत मुलाने म्हणावी. आणि नावे ठेवणे थांबवा. ‘काळी’, ‘बावळट’, ‘तोतरा’ ही लाडाची नावे नव्हेत; सूरह हुजुरातच्या ११ व्या आयतीत एकमेकांना वाईट उपनावांनी हाक मारण्याची स्पष्ट मनाई आहे आणि घराच्या उंबरठ्याच्या आत ती रद्द होत नाही. मुलीच्या रंगाची चर्चा तिच्या देखत स्थळे पाहताना होते, तेव्हा तर आपण दरवेळी तिला जाहिर (रजि.) यांच्या बाजारात उभे करतो, फरक इतकाच की, मागून येऊन कवेत घेणारे कोणी नसते.

स्वतःशी बोलण्याचीही एक शिस्त प्रेषितांनी लावून दिली आहे. बुखारी व मुस्लिम यांच्या संग्रहांतील एका हदीसनुसार, मन बिघडले असता माणसाने आपला जीव ‘नासका’ झाला असे म्हणू नये, त्याऐवजी सौम्य शब्द वापरावा, अशी शिकवण आहे. तसेच वारंवार मद्यपानाबद्दल शिक्षा झालेल्या एकाला लोकांनी शाप दिला, तेव्हा प्रेषितांनी त्यांना अडविले, कारण त्या माणसाच्या हृदयात अल्लाह व प्रेषितांविषयी प्रेम होते. कृत्य चुकीचे, शिक्षा योग्य; तरी माणूस टाकाऊ नाही. अमेरिकेचे आल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी रुजविली. तिचा गाभाही असाच आहे की, कृतीचे मूल्यमापन करा, पूर्ण माणसाचे नको. ‘गणितात नापास झालो’ हे वाक्य खरे असू शकते. ‘मी नापास माणूस आहे’ हे कधीच खरे नसते. समुपदेशक बहुतांशी एवढेच करतो: दुसरे वाक्य कागदावर लिहून घेतो, त्याचा पुरावा मागतो आणि ते पहिल्या वाक्यापर्यंत मागे आणतो. मग एक लहान पाऊल ठरते. या आठवड्यात वर्गात एकदा प्रश्न विचारणे, पुढच्या आठवड्यात दोनदा.

समुपदेशकाकडे जाणे म्हणजे अल्लाहवरील भरवसा सोडणे, असे काहींना वाटते. उपचार करावा काय, असे खेडुतांनी विचारले असता प्रेषितांनी करण्यास सांगितले, हे अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे. ते स्वतः ज्या गोष्टींपासून अल्लाहचा आश्रय मागत, त्यांत चिंता व दुःख यांच्याबरोबर ‘अज्ज’, म्हणजे आपल्याच्याने काही होणार नाही ही हतबलता, हीसुद्धा होती. दुआ सोडावयाची नाही, मूसा (अ.) यांनी दुआतच माणसाची मदत मागितली होती.

सर्वच प्रकरणे घरगुती उपायांनी सुटणारी नसतात. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप-भूक बिघडली, आवडीच्या गोष्टी सुटल्या, ‘मी नसतो तर बरे झाले असते’ असे शब्द तोंडी येऊ लागले, तर तो निव्वळ लाजाळूपणा नव्हे; डॉक्टरांकडे न्यावे आणि त्या काळात मुलाला एकटे सोडू नये. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६, ती विनामूल्य, चोवीस तास आणि मराठीतूनही उपलब्ध आहे. महाविद्यालयात एखादे शिक्षक वा शिक्षिका समुपदेशनाचे काम पाहत असतील, तर आरंभ तेथूनही करता येतो. मुलीला स्त्री समुपदेशक हवी असेल, तर तसे आधीच विचारावे. पहिल्या बैठकीत आईने सोबत जावे. मात्र थोड्या वेळाने तिला बाहेर बसावयास सांगितले गेले, तर तो अपमान मानू नये. आईसमोर जे बोलता येत नाही, ते बोलण्यासाठीच मुलगी तेथे आलेली असते. आणि परतीच्या वाटेवर एसटीत, आत काय झाले, हे तिला विचारू नये.