शोधनिबंधातील संदर्भांविषयी भाचीस पत्र



पदव्युत्तर प्रबंधातून वैद्यकीय नियतकालिकासाठी शोधनिबंध सिद्ध करताना संदर्भसूची हे अखेरच्या रात्री उरकायचे कारकुनी काम आहे, असा समज निवासी डॉक्टरांमध्ये सर्रास आढळतो. तू आता त्याच टप्प्यावर असल्यामुळे तो समज का सोडावा, हे सविस्तर लिहिणे आवश्यक ठरते. निबंधातील विधानाला आधार कोणता आणि तो खरोखरच तेवढे वजन पेलतो का, हे वाचकाला स्वतः तपासता यावे, यासाठी संदर्भ दिलेला असतो. त्याच्या मांडणीचे नियमही याच दृष्टीने वाचले, तर ते पाठ करावे लागत नाहीत.

वैद्यकीय नियतकालिकांत आज सर्वाधिक रूढ असलेली पद्धती व्हँकूव्हर पद्धती या नावाने ओळखली जाते. जानेवारी 1978 मध्ये काही वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक कॅनडातील व्हँकूव्हर शहरी एकत्र आले आणि हस्तलिखिताच्या स्वरूपाविषयी त्यांनी समान अपेक्षा ठरवल्या. त्या 1979 मध्ये प्रसिद्ध झाल्या, आणि त्या गटातूनच पुढे वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती उभी राहिली. संदर्भ लिहिण्याचा साचा मात्र अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने, म्हणजे पबमेड ही शोधसूची चालवणाऱ्या संस्थेने, घडवलेला आहे.

या पद्धतीत संदर्भांना क्रमांक मिळतो तो लेखकाच्या आडनावाच्या वर्णक्रमाने नव्हे, तर मजकुरात संदर्भ ज्या क्रमाने प्रथम येतो त्या क्रमाने, आणि एकदा मिळालेला क्रमांक निबंधात पुढे कितीही वेळा तोच राहतो. केवळ तक्त्यात येणारा संदर्भ असेल, तर मजकुरात त्या तक्त्याचा उल्लेख प्रथम जिथे झाला, तिथल्या क्रमाने त्याला क्रमांक द्यावा लागतो. ही बाब नवे लेखक हमखास विसरतात. सूचीतील नोंदीत प्रथम लेखकांची आडनावे व त्यांना जोडून पूर्णविरामाविना आद्याक्षरे, नंतर निबंधाचे शीर्षक, मग नियतकालिकाचे संक्षिप्त नाव, वर्ष, अर्धविराम, खंड, कंसात अंक, अपूर्णविराम आणि पृष्ठे, असा क्रम असतो. नियतकालिकाचे नाव मनाने तोडू नये. राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाच्या सूचीत प्रत्येक नावाचा मान्य संक्षेप मिळतो, आणि लॅन्सेटसारखे एकाच शब्दाचे नाव संक्षिप्त होत नाही. लेखक सहापेक्षा अधिक असतील, तर अनेक नियतकालिके पहिल्या सहांची नावे देऊन पुढे ‘आणि इतर’ या अर्थाची लॅटिन संज्ञा लिहायला सांगतात, तर अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या पद्धतीत अशा वेळी पहिली तीनच नावे येतात. क्रमांक शब्दाच्या डोक्यावर लिहायचा की कंसात, याबाबतही एकवाक्यता नाही. म्हणून ज्या नियतकालिकाकडे निबंध जाणार, त्याच्या लेखकांसाठीच्या सूचना आणि त्याचा एखादा ताजा अंक शेजारी ठेवूनच सूची तयार करणे शहाणपणाचे.

भारतीय नावांकडे विशेष लक्ष द्यावे लागते. महाराष्ट्रातील शालान्त प्रमाणपत्रांवर आडनाव आधी आणि वडिलांचे नाव शेवटी येते, दक्षिणेत अनेकांना आडनावच नसते, आणि विवाहानंतर काही स्त्रियांचे मधले नाव व आडनाव दोन्ही बदलतात. परिणामी एकाच व्यक्तीचे लेखन शोधसूचीत दोन-तीन नावांखाली विखुरले जाते. दुसऱ्याचा संदर्भ लिहिताना मूळ निबंधावर नाव जसे छापले आहे तसेच घ्यावे. स्वतःच्या नावाचे एकच रूप पहिल्याच निबंधापासून ठरवावे आणि 2012 पासून संशोधकांना मिळणारा ऑर्किड हा सोळा अंकी ओळखक्रमांकही काढून ठेवावा.

तथापि, विरामचिन्हांची चूक संपादकीय विभागात दुरुस्त होते. संदर्भ चुकीच्या विधानाला जोडल्याची चूक बहुधा तशीच छापली जाते. तिचे परिणाम किती दूर जातात, हे न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनच्या 10 जानेवारी 1980 च्या अंकातील पोर्टर आणि जिक यांच्या पाच वाक्यांच्या पत्रावरून दिसते. रुग्णालयात दाखल असताना अफूजन्य (ओपिऑइड) गटातील वेदनाशामके मिळालेल्या 11,882 रुग्णांपैकी, पूर्वी व्यसन नसलेल्या केवळ चौघांमध्ये व्यसन लागल्याची बऱ्यापैकी नोंद सापडली, एवढेच ते पत्र सांगत होते. घरी परतून महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्या रुग्णांविषयी त्यात काहीही नव्हते. त्याच नियतकालिकात 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात या पत्राचे 608 उल्लेख तपासले गेले. त्यांपैकी 439 उल्लेखांनी, म्हणजे 72.2 टक्क्यांनी, या औषधांनी व्यसन क्वचितच लागते याचा पुरावा म्हणून ते पत्र दिले होते, आणि सुमारे 81 टक्के उल्लेखांनी ते रुग्ण रुग्णालयात दाखल होते हे नोंदवलेच नव्हते. उत्तर अमेरिकेतील ओपिऑइड संकटाला या उल्लेखांचा हातभार लागला, असा त्या संशोधकांचा निष्कर्ष आहे. त्या शेकडो नोंदींत नाव, वर्ष, खंड, पृष्ठ सारे काटेकोर असू शकेल. पण मूळ पत्र वाचायला जेमतेम एक मिनिट लागत असतानाही ते किती जणांनी उघडले असेल, हा प्रश्न प्रत्येक नव्या लेखकाने मनाशी धरावा.

म्हणून दुसऱ्याच्या सूचीतून संदर्भ उचलू नये आणि केवळ सारांश वाचून तो देऊ नये. मूळ निबंध मिळवून त्यातील नेमके वाक्य किंवा तक्ता पाहावा आणि क्रमांक त्याच विधानाला लागून लिहावा. एका वाक्यात तीन दावे असताना सारे क्रमांक शेवटी एकत्र टाकले, तर कोणता आधार कशाला, हे वाचकाला कळत नाही. झोटेरो, मेंडेले, एंडनोट यांसारखी सॉफ्टवेअरे क्रमांक आपोआप बदलतात आणि ती अवश्य वापरावीत. परंतु त्यांत शिरलेली चुकीची माहिती ती तितक्याच नीटसपणे छापतात. संभाषण करणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांकडून संदर्भ मागू नयेत, कारण अस्तित्वातच नसलेले निबंध खऱ्या वाटणाऱ्या लेखकांसह आणि पृष्ठांकांसह ती देतात, हे वारंवार आढळले आहे.

मागे घेतलेल्या निबंधांबाबत तर हयगय चालणारच नाही. लस आणि स्वमग्नता यांचा संबंध सुचवणारा 1998 चा निबंध लॅन्सेटने 2010 मध्ये मागे घेतला, आणि कोविडकाळात 22 मे 2020 रोजी प्रसिद्ध झालेला हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवरील निबंध त्याच नियतकालिकाने 4 जून रोजी, म्हणजे अवघ्या दोन आठवड्यांत, मागे घेतला; मधल्या दिवसांत ज्यांनी तो उतरवून ठेवला, त्यांच्या संगणकावरील प्रतीवर मात्र माघारीचा शिक्का आपोआप उमटला नाही. असे निबंध त्यांच्या माघारीविषयी लिहिण्याखेरीज अन्य कारणाने उद्धृत होऊ नयेत, याची जबाबदारी संपादकांच्या समितीने लेखकांवर टाकली आहे. तेव्हा हस्तलिखित पाठवण्याच्या आदल्या दिवशी सूचीतील प्रत्येक नोंद पबमेडवर पुन्हा पाहावी, आणि ज्या एखाद्या संदर्भाचा मूळ निबंध तोपर्यंत हाती आला नसेल, तो त्यावर आधारलेल्या विधानासह काढून टाकावा.